बाबांची बाइक स्लो पकडत नाही...

‘मॅडम, अ‍ॅक्सिलेटर सोडा ना!’ पीयूसीवाला तिसऱ्यांदा म्हणाला. मी सोडला. गाडी फुस्स!

पुन्हा किक. पुन्हा मूठ पिळली की गाडी झकास, सोडली की ठप्प. मागे रिक्षांची लाइन, वर मे महिन्यातलं ऊन आणि पीयूसीवाल्याच्या हातात ती नळी, सायलेन्सरमध्ये घालायची. ती घातली की इंजिन आपलं आपण, शांतपणे चालायला हवं. कारण टू-व्हीलरची ही टेस्ट होते तीच मुळी आयडलवर. म्हणजे आमच्या गाडीची टेस्ट फेल होणं तर सोडाच, ती सुरूच होऊ शकत नव्हती!

‘स्लो पकडत नाही तुमची गाडी. पहिले ते करून आणा,’ असं म्हणून त्याने पुढच्या रिक्षाला हात केला.

आता तुम्ही म्हणाल, एका पीयूसीचं काय एवढं टेन्शन? तर बॉस, लोच्या असा होता. ही गाडी बाबांची. शंभर सीसीची, कार्ब्युरेटरवाली. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात ते होते, तेव्हा रोज याच गाडीवर जायचे. मासकॉम करताना मला पहाटेच्या लोकलसाठी मीरा रोड स्टेशनला सोडायचे तेही हिच्यावरच. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी आठ महिने स्टिल्टखाली पडून राहिली. त्यात रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं भरत आलेली. नूतनीकरण करायचं तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, सोबत व्हॅलिड पीयूसी हवी. आईचं म्हणणं सरळ होतं : ‘महिनाअखेरीपर्यंत झालं तर ठीक, नाही तर भंगारवाला सात हजार देतोय.’ बाबा काहीच बोलले नव्हते. तेच मला जास्त लागलं होतं.

खरं तर पीयूसीला जाण्याआधी मी गाडी ढकलत एका गॅरेजमध्ये नेली होती. तिथल्या पोऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला, कार्ब्युरेटरच्या बाजूचा एक स्क्रू चार वेळा फिरवला आणि दीडशे रुपये घेतले. ‘स्लो बढा दिया, मॅडम.’ गाडी तेव्हा घुंऽऽ करत चालूही राहिली. पण सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला, मेट्रोच्या खांबांखाली, ती जी बंद पडली ती पडलीच. पुढे पीयूसीपर्यंत काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच.

घरी आल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला. ‘चोक ओढल्यावर चालते का गं?’

चालत होती.

‘मग इंजिनाला काही झालेलं नाही. स्लो जेट चोंदलाय.’

फंडा काय आहे?

रविवारी सकाळी बाबा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये बसले आणि माझा क्लास सुरू झाला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जायला दोन मुख्य वाटा असतात. मूठ पिळली की पेट्रोल येतं मेन जेटमधून. त्याचं भोक त्यातल्या त्यात मोठं. मूठ सोडली की ती वाट जवळपास बंद होते आणि इंजिन जगतं ते पायलट जेटवर, ज्याला आपले मेकॅनिक स्लो जेट म्हणतात. याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही बारीक! गाडी उभी राहिली की फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे राहतो तो चिकट, तपकिरी राप. मोठ्या भोकाला त्याचं फारसं काही वाटत नाही. बारीक भोक मात्र बुजून जातं.

म्हणून पळवली की गाडी ठणठणीत आणि थांबली की मेली! चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, म्हणून तेवढ्यापुरती ती तगते. पण चोकवर पीयूसी काढायला गेलात तर पेट्रोल अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वाढणार, म्हणजे नापास. आणि तो पोऱ्याने फिरवलेला स्क्रू? तो फक्त मूठ किंचित पिळून धरल्यासारखं करतो. चोंदलेलं नाक तसंच, वर जोरात पळायला सांगायचं. दुसरं काय?

त्यात आता पेट्रोलही बदललंय. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल खेचतं आणि आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. ओलीला तोटा नाही! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून उभ्या गाडीचं शिळं पेट्रोल आधी काढायचं, हा बाबांचा पहिला नियम.

हात काळे करा!

पेट्रोल कॉक बंद केला. बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून खाली डबा धरला. जे बाहेर आलं त्याचा रंग चहासारखा आणि वास जुन्या वॉर्निशसारखा. मग कार्ब्युरेटर उतरवला, इंजिनाला जोडणारा रबर कुठे तडकलाय का ते पाहिलं (तिथून हवा शिरली तरी गाडी स्लो पकडत नाही), बाऊलचे स्क्रू काढले. आत ते पिटुकलं पितळी जेट. काढून मी ट्यूबलाइटसमोर धरलं. काहीच दिसेना. मिट्ट काळोख.

कार्ब क्लीनरचा स्प्रे मारला. तरी काळोख. मी पिन शोधायला उठले तर बाबा खुर्चीतूनच ओरडले, ‘पिन नको! पितळ आहे ते, भोक मोठं झालं की कायमचं गेलं!’ शेवटी जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवलं. सोमवारी रात्री, ऑफिसेस सुटून सोसायटी परतत असताना, जुन्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार त्यातून हलकेच फिरवली आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून घेतली. पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरलं तर सुईच्या टोकाएवढा, स्वच्छ गोल उजेड! शप्पथ सांगते, माझ्या पहिल्या बायलाइनलासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

जोडलं. ताजं पेट्रोल घातलं. सातव्या किकला सुरू. मिनिटभर चोक, मग चोक बंद आणि मी मूठ सोडून दिली.

गाडी चालत राहिली.

‘आता स्लो कमी कर,’ बाबा म्हणाले. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, पण त्यांनी डोळे मिटले. ‘अजून थोडं... अजून... बस्स.’ आठ महिन्यांनी त्यांना कुणी काहीतरी असं विचारत होतं, जे फक्त त्यांनाच माहीत होतं.

मंगळवारी पीयूसीवाल्याने नळी घातली. मी दोन्ही हात वर करून दाखवले. पास!

नूतनीकरणही झालं. बाबांना किक मारणं आता जमणार नाही, तो विषय संपला. पण डॉक्टरांना विचारून परवाच्या रविवारी त्यांना मागे बसवलं आणि उत्तनला नेलं. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, पुढे चौकपर्यंतचा रस्ता, पलीकडे वसईचा किनारा. ते हळूहळू उतरले. मी चावी फिरवणार, इतक्यात म्हणाले, ‘राहू दे जरा चालू.’

मी हात काढून घेतला. गाडी आपली आपण चालत होती.

तुमचीही गाडी उभी आहे?

• महिनाभर वापरणार नसाल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्ब्युरेटर रिकामा होतो.

• आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटांची चक्कर मारा. जागेवर दोन मिनिटं घुर्रघुर्र करून भागत नाही.

• चोकवर चालते, चोक काढला की मरते? आधी स्लो जेट साफ करून मागा, मग स्लो सेट करून घ्या. उलटं नको.

• मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा.

• काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करा. जवळ सिगरेट नको. शिळं पेट्रोल गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.

• एप्रिल २०२० नंतरची बीएस-सिक्स गाडी असेल तर तिला बहुधा कार्ब्युरेटर नसून फ्युएल इंजेक्शन असेल. तिथे हे प्रयोग नकोत, सरळ मेकॅनिक गाठा.