फुलदाणीचा दिवा : मूल्यमापन कसे करावे?

जुन्या घरांच्या दिवाणखान्यात चिनी मातीचा, पितळेचा अथवा बिदरी कामाचा एखादा नक्षीदार मेजदिवा आढळतो. यांपैकी कित्येक दिवे मुळात दिवे नसतातच. ती फुलदाणी किंवा हुक्क्याचे पात्र असते आणि पुढे केव्हातरी त्यात वायर ओवून त्याचा दिवा केलेला असतो. वाटणीच्या वा विक्रीच्या वेळी अशी वस्तू जुना दिवा समजून अल्प किमतीत दिली जाते, किंवा उलट केवळ जुनी दिसते म्हणून तिचे अवास्तव मोल सांगितले जाते. हे टाळायचे असेल, तर दिव्याचे व भांड्याचे मूल्य स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे.

रूपांतराचा इतिहास

भांड्याला धातूची जोड देऊन त्याचा उपयोग बदलण्याची प्रथा जुनी आहे. अठराव्या शतकात पॅरिसचे व्यापारी चिनी फुलदाण्यांना सोनेरी मुलाम्याच्या कांस्याची कोंदणे बसवून विकत असत. एकोणिसाव्या शतकात तेलाच्या दिव्याची टाकी फुलदाणीच्या तोंडात नुसती बसवता येत असे. भांड्याला इजा होत नसे. वीज आल्यावर मात्र वायर बाहेर काढण्यासाठी तळाला छिद्र पाडले जाऊ लागले. त्यामुळे छिद्र नसलेला दिवा विशेष लक्षपूर्वक पाहावा. त्याचे रूपांतर विजेपूर्वीचे असू शकते. अर्थात काही दिव्यांत वायर मानेजवळूनही बाहेर काढलेली असते.

निर्णायक तळ

तपासणीपूर्वी पिन काढून शेड व बल्ब वेगळे करावेत. तळाला चिकटवलेले कापड किंवा लाकडी बैठक मूळ खुणा झाकते, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर छिद्राची कड निरखावी. भांडे भाजण्यापूर्वीच ठेवलेल्या छिद्राची कड गुळगुळीत असते व पुष्कळदा तिच्यावर झिलई ओघळलेली दिसते. असे भांडे बहुधा दिव्यासाठीच घडवलेले असते. तेथे छिद्र हा दोष नव्हे. अमेरिकेतील टिफनीच्या काही दिव्यांसाठी ग्रूबी या कारखान्याने मातीची बुडे पुरवली होती.

छिद्र नंतर पाडलेले असल्यास कड खरखरीत असते, टवके उडालेले असतात आणि आतली कोरी माती उघडी पडलेली असते. यामुळे मूल्य बरेच घटते. तथापि भांडे दुर्मीळ असल्यास छिद्रासहही ते साध्या दिव्याच्या अनेक पट मोलाचे ठरू शकते.

दिव्याच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा नट अधिक आवळला गेल्यास भांड्याला केसासारखी बारीक चीर पडते. जोडणी सुटी केल्यावर भांड्यावर हलकी टिचकी मारावी. अखंड भांडे खणखणीत वाजते, चिरलेले बद्द वाजते. अतिनील प्रकाशात जुनी डागडुजी बहुधा वेगळ्या छटेने उजळते. नक्षी भिंगातून पाहिल्यास ठिपक्यांची छपाई व कुंचल्याचे फटकारे यांतील भेद कळतो.

मुद्रेवर किती विसंबावे?

तळावरची मुद्रा हा पुरावा असला तरी तो अंतिम नव्हे. चीनमध्ये पूर्वीच्या सम्राटाची मुद्रा आदरापोटी नंतरच्या भांड्यांवर उमटवण्याची प्रथा होती. पंधराव्या शतकातील छंगह्वा सम्राटाची मुद्रा खांगशी सम्राटाच्या काळातील (१६६२ ते १७२२) भांड्यांवरही आढळते. जपानी वस्तूंबाबत मात्र एक उपयुक्त खूण आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे रोमन अक्षरांत 'निप्पॉन' असा ठसा असलेली निर्यातीची भांडी सामान्यतः १८९१ ते १९२१ या काळातील मानली जातात; पुढे 'जपान' हे नाव आले. या ठशाच्याही नकला झाल्या आहेत. म्हणून माती, झिलई, वजन आणि तळकडेची झीज यांचा मुद्रेशी मेळ बसतो का, हे पाहावे लागते.

भारतीय वस्तू आणि कायदा

आपल्याकडे कर्नाटकातील बिदर येथील बिदरी कामाची हुक्कापात्रे दिव्यांत रूपांतरित झालेली दिसतात. जस्तप्रधान मिश्रधातूवरील काळा रंग हा या कलेचा प्राण आहे. धातूला चमक आणण्याच्या नादात तो घासून काढल्यास चांदीच्या नक्षीचा उठाव नाहीसा होतो.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. तिची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही करता येत नाही. देशांतर्गत व्यापारासाठीही परवाना लागतो. वस्तू पुरावशेष आहे की नाही, याविषयी वाद उद्भवल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी निर्णय देतो. परदेशातील आप्तांना असा दिवा पाठवण्यापूर्वी याची खातरजमा करावी.

जोड काढावी का?

जुनी कापडी वायर धोकादायक असते; ती जाणकाराकडून बदलून घेणे इष्ट. धातूची मूळ जोडणी मात्र टाकून देऊ नये. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील फॉन्टहिल फुलदाणी ही चौदाव्या शतकातील चिनी फुलदाणी होय. युरोपात त्याच शतकात चांदीची जोडणी लावून तिची सुरई करण्यात आली. एकोणिसाव्या शतकात ती जोडणी काढली गेली आणि तिच्यासोबत पूर्वीच्या मालकांची चिन्हेही गेली. १७१३ मधील एका चित्रामुळेच तिचे जुने रूप आज ठाऊक आहे. म्हणून दिवा उकलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक सुटा भाग जपावा आणि खरेदीची पावती असल्यास ती सोबत ठेवावी. मूल्यमापकाला या साऱ्याचा उपयोग होतो.