मोटारसायकल किती झुकली?

उदगीरच्या रस्त्यावर वळण घेणारी मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. ताशी 36 किलोमीटर वेगाने 17 मीटर त्रिज्येच्या वळणावर ती सुमारे 30 अंश झुकते. तेव्हा जोरात ब्रेक दाबला तर चाक घसरू शकते.

हा कोन कसा मोजावा? तुम्ही म्हणाल, गवंड्याचा ओळंबा टांगा! पण वळणावर ओळंबाही गाडीबरोबर तिरका होतो. गाडी सरळच आहे, असे तो दाखवतो. म्हणून गाडीत जायरोस्कोप बसवतात. गाडी दर सेकंदाला किती अंश कलते, हे त्यावरून कळते. त्याची बेरीज म्हणजे कोन. मात्र बेरजेत बारीक चुका साठतात. गाडीचा वेग व वळण्याचा वेग पाहून त्या दुरुस्त करतात.

2020 साली भारतात आलेल्या, चाकणला बनलेल्या केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरमध्ये ही सोय होती. गाडी झुकलेली असताना तिचा संगणक ब्रेकचा जोर आवरतो.