समुद्रमार्गे वसई : दोन प्रवासवृत्तांतांचा साधन म्हणून विचार

विलेपार्ल्याहून लोकलने निघालेला अभ्यासक भाईंदरच्या पुढे खाडीपूल ओलांडून वसई रोड स्थानकावर उतरतो व तेथून रस्त्याने किल्ल्यात पोहोचतो. म्हणजे तो या नगरात मागील दाराने शिरतो. पोर्तुगीज वसईचे दर्शनी दार खाडीकडे तोंड करून असलेला सागरी दरवाजा हे होते आणि तिचे वर्णन करणारे बहुतेक परकीय प्रवासी गलबतातून आले. प्रस्तुत लेखात अशा दोन प्रवाशांच्या वृत्तांतांचा परामर्श घेतला आहे. विलेपार्ले ज्या साष्टी बेटावर आहे ते दोन शतके वसईच्या अमलाखाली होते. या दृष्टीने हा आपल्या परिसराचाही इतिहास आहे.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई व तिच्या अखत्यारीतील बेटे पोर्तुगिजांना दिली. पुढे वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे मुख्य ठाणे झाले.

किनाऱ्यावरील शिडाच्या प्रवासाचे गणित येथे ध्यानात घ्यावयास हवे. पावसाळ्यात वाहतूक बंद असे. उरलेल्या काळात रात्री व पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई वारा गलबतास बाहेर काढी, तर दुपारचा खारा वारा किनाऱ्याकडे लोटी. खाडीत शिरावयाचे तर भरतीची वाट पाहणे आले. त्यात चाच्यांचे भय असल्याने पुष्कळदा ताफ्याची सोबत शोधावी लागे. प्रवाशाचा मुक्काम त्याच्या जिज्ञासेपेक्षा वारा, पाणी व सोबत यांवर अधिक ठरत असे. त्याच्या लेखनातील त्रोटकपणाचे हे एक कारण होय.

ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये वसईस आला. दुमजली वाडे, झाकलेले सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसविलेल्या मोठ्या खिडक्या यांची त्याने नोंद केली आहे. (अशा खिडक्या गोव्यातील जुन्या घरांत आजही आढळतात.) परंतु त्याच्या वृत्तांतातील खरे मोलाचे वाक्य निराळेच आहे. तटाच्या आत केवळ ख्रिस्ती लोकांनाच राहण्याची मुभा असून वाण्यांना बाहेरच्या वस्तीत ढकलले आहे, असे तो सांगतो. म्हणजे प्रवासी ज्यास 'नगर' म्हणतो ते तटाच्या आतले नगर. त्याचा व्यापार चालविणारे, दगड घडविणारे, जहाजे बांधणारे, मासे पुरविणारे आणि साष्टीत भात पिकवून सारा भरणारे त्याच्या चौकटीबाहेर राहतात. एरवी मौन असलेला वृत्तांत या एका वाक्यात स्वतःची मर्यादा सांगून जातो.

वीस वर्षांनी, १६९५ मध्ये, नेपल्सचा विधिज्ञ जेमेल्ली कारेरी दमणहून येथे उतरला. सरळ, रुंद रस्ते व मधला मोठा चौक यांची तो प्रशंसा करतो; मात्र उत्तरेकडील सुमारे एक तृतीयांश नगर साथीच्या रोगामुळे ओस पडल्याचेही लिहितो. कान्हेरीची लेणी पाहून त्यांचे वर्णन करणाऱ्या आरंभीच्या युरोपीयांत त्याची गणना होते.

कारेरीच्या या साक्षीचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. भरभराटीच्या वसईचा अंत चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या मोहिमेने झाला, असे वर्गात सरसकट सांगितले जाते. सत्ता त्या वर्षी बदलली हे निर्विवाद. शरण आलेल्या पोर्तुगिजांना मानाने बाहेर पडू देण्यात आले. तथापि नगराचा ऱ्हास त्यापूर्वी किमान ४४ वर्षे सुरू झाला होता. आजचे भग्नावशेष एका वेढ्याचे फलित नाहीत. रोगराई, ओसरलेला व्यापार, सत्तांतरे आणि नंतरची दीर्घ उपेक्षा यांचे थर त्यांत आहेत. दोन्ही वृत्तांत एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याखेरीज हे उमगत नाही. सुटा फ्रायर वाचला तर केवळ वैभव दिसते.

१८७६ मध्ये जे. जेर्सन द कुन्हा यांनी चौल व वसईच्या पुरावशेषांवर ग्रंथ लिहिला. क्षेत्रभेटीपूर्वी विद्यार्थ्यांनी तो चाळावा. २०२४ मध्ये भाईंदर–वसई रो-रो सेवा सुरू झाली. शैक्षणिक सहल शक्यतो या मार्गाने न्यावी. पाण्यावरून जवळ येताना तट आधी दिसतो, मागाहून चर्चचे मनोरे. आणि सागरी दरवाजाबाहेर, फ्रायरने ज्यांच्याविषयी लिहिले नाही त्या कोळ्यांच्या होड्या किल्लाबंदर व पाचूबंदरच्या किनाऱ्याला आजही लागलेल्या असतात.