किल्ली आपल्याच कनवटीला

घाटकोपरच्या पेढीतला रोजमेळ पूर्वी तिजोरीत असे. आज तो ‘क्लाउड’वर, म्हणजे परक्या संगणकावर असतो. तेथे तो कूटलिपीत सुरक्षित राहतो. परंतु बेरजेसाठी उलगडावा लागतो, आणि धोका तेव्हाच असतो.

उपायाचे मर्म सोपे आहे. ५००, ७००, ३०० या रकमांत ४१, १७, ६२ हे गुप्त आकडे मिळवून पाठवावेत. परका १६२० ही बेरीज करील. त्यातून आपण १२० वजा केले की १५००! मूळ रकमा त्याला कळतच नाहीत. कूटलिपी न उलगडता कोणतेही गणित करण्याची रीत २००९ मध्ये क्रेग जेन्ट्री यांनी दाखवली. ती अद्याप संथ आहे.

तोवर व्यापाऱ्याने सेवा घेताना विचारावे: किल्ली कोणाकडे? ती स्वतःकडेच असावी आणि जपावी. किल्ली हरवल्यास बँकेचा लॉकर फोडता येतो, कूटलिपी नाही.