गेम फुकट झाला त्यानंतर

मार्च २०१८ मध्ये पबजी हा गेम मोबाइलवर आला. जिओमुळे डेटा स्वस्त झालाच होता. बघता बघता वर्ध्याच्या बजाज चौकापासून सेवाग्रामच्या होस्टेलांपर्यंत पोट्टे 'चिकन डिनर'ची, म्हणजे पबजीत जिंकण्याची, भाषा बोलू लागले. तोवर इथे गेमर म्हणवणारे मोजकेच होते. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने काउंटर स्ट्राइक १.६ खेळणारे, त्यातल्या 'डस्ट टू' नकाशाचा कोपरा न् कोपरा पाठ असलेले. त्याही आधीची पिढी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' खेळायची. कॅपकॉमच्या १९९३ मधल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', मुस्तफा हे त्यातलं एक पात्र. पण खरं नाव विचारतो कोण!

या जुन्या मंडळींना पबजीचा राग येतो. 'आता कोणीही गेमर,' हे त्यातलं निव्वळ अहंकाराचं वाक्य सोडून देऊ. दुसरी तक्रार मात्र खरी आहे. पूर्वीचा गेम एकदाच विकला जायचा, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी चांगला असावा लागे आणि कधीतरी संपतही असे. २०१७ मध्ये संगणकावर आलेला पबजीसुद्धा विकतच घ्यावा लागायचा. मोबाइलवर तो फुकट झाला आणि कमाईची जागा बदलली. पैसे बंदुकीच्या रंगाचे, कपड्यांचे, दर हंगामाच्या रॉयल पासचे. असा गेम संपून चालत नाही. खेळणारा रोज परत यावा म्हणून रोजची कामं आणि बक्षिसं. नवखा पहिल्याच दिवशी हिरमुसू नये म्हणून त्याच्यासमोर माणसांऐवजी बरेचसे बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले खेळाडू. जिंकून आलेल्या नवख्याची छाती फुगते आणि जुना खेळाडू कपाळावर हात मारतो.

आता जरा नाजूक गोष्ट. ज्या चांगल्या जुन्या गेमांची आपण आठवण काढतो, ते आपल्यापैकी किती जणांनी विकत घेतले होते? व्हाइस सिटीची कॉपी केलेली सीडी मित्राकडून मित्राकडे जायची. कोरिया आणि चीनमध्येही हेच चालायचं, म्हणून तर तिथल्या कंपन्यांनी गेम फुकट वाटून आतल्या वस्तू विकण्याची पद्धत रुजवली. ज्याची चोरी करता येत नाही तेच विकायचं. म्हणजे आज ज्या दुकानदारीला जुने गेमर नाकं मुरडतात, तिच्या पायात त्यांच्याही पिढीची वीट आहे.

या पद्धतीची किंमत कळली ती २ सप्टेंबर २०२० ला. सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होता, आणि दोनेक महिन्यांत सर्व्हर बंद होऊन पैसे देऊन सजवलेली खाती बंद पडली. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय नावाने गेम परतला, पुढच्या जुलैत तोही स्टोअरवरून उतरवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला, तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊनच. काउंटर स्ट्राइक १.६ ला कंपनीचा सर्व्हर लागत नाही. दोन जुने संगणक आणि एक लॅनची वायर मिळाली की तो आजही चालतो.

तरी कॅफेच्या त्या दिवसांना सुवर्णकाळ म्हणताना माझी जीभ अडखळते. त्या खोलीत मुलगी दिसणं जवळजवळ अशक्य होतं आणि तासाचे पैसे नसणारा पोरगा इतरांच्या खुर्चीमागे उभा राहायचा. आज आर्वीतली एखादी मुलगी घरातूनच, वडिलांच्या फोनवर, चौघांच्या स्क्वॉडला हेडफोनवरून झापू शकते.