तारांकित आकडा

प्रयोगशाळेच्या कागदावर पीएसए या नावापुढचा आकडा चारच्या वर गेला आणि त्याच्या शेजारी एक तारांकन उमटले, की साठीच्या घरातील भला गृहस्थ, ज्याला काल संध्याकाळपर्यंत रात्री एकदोनदा उठावे लागते यापलीकडे कसलीही तक्रार नव्हती, तो मनातल्या मनात मृत्युपत्राचा मसुदा करू लागतो. वास्तविक तो आकडा कर्करोगाचा नसतोच. तो पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा असतो. वीर्य पातळ राखण्यासाठी ही ग्रंथी जे प्रथिन निर्माण करते त्याचा अल्पांश रक्तात झिरपतो, आणि त्या झिरपण्यास कर्करोगाप्रमाणेच वयोमानाने ग्रंथीला आलेली निरुपद्रवी सूज, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, लघवीसाठी घातलेली नळी, फार काय, आदल्या दिवशीचा संभोगही कारण होऊ शकतो.

अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने १९८६ साली या चाचणीला परवानगी दिली ती रोग सिद्ध झालेल्यांवर नजर ठेवण्यापुरतीच. रोगशोधनाची सनद तिला १९९४ मध्ये मिळाली. मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही सीमा मात्र फार कच्च्या मातीची आहे. आकडा ४ ते १० असलेल्यांच्या ग्रंथीचे तुकडे काढून पाहिले, तर साधारणतः चौघांत एकालाच कर्करोग निघतो. उलट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आकडा चार किंवा त्याहून कमी असलेल्या २९५० पुरुषांची बायोप्सी केली असता शेकडा १५ जणांत तो सापडला. (फिनास्टेराइडची गोळी, मग ती ग्रंथीसाठी घेतलेली असो वा केसांसाठी, आकडा निम्म्यावर आणते; डॉक्टरांना हे सांगायचे बहुतेकांच्या ध्यानी येत नाही.)

या प्रथिनाच्या संशोधनात ज्यांचे नाव घेतले जाते, त्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० साली वृत्तपत्रात लेख लिहून ही चाचणी नाणेफेकीहून फारशी सरस नसल्याचा फैसला दिला. तो मला अंमळ कठोर वाटतो, कारण त्याच्या आदल्याच वर्षी सात युरोपीय देशांतील अभ्यासात चाचणी केलेल्यांत या रोगाचे मृत्यू शेकडा २० ने घटलेले दिसले होते. किंमत मात्र जबर होती: एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० जणांची तपासणी आणि आणखी ४८ जणांवर उपचार, ज्यांतील कित्येकांचा रोग इतका मंदगती, की तो त्यांच्या आयुष्यात कधी डोके वर काढता ना, पदरी मात्र लघवीवरचा ताबा सुटणे किंवा नपुंसकत्व येण्याची भीती.

म्हणूनच आता तारांकन दिसताच सुई टोचण्याची घाई करीत नाहीत; काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात, मग एमआरआय, आणि संशय उरलाच तर बायोप्सी. ब्रिटनमध्ये अशाच चाचणीतून रोग सापडलेल्या, तो ग्रंथीबाहेर न गेलेल्या १६४३ पुरुषांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार दिले, काहींवर केवळ नजर ठेवली. नजरेखाली ठेवलेल्यांत रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, हे खरे. परंतु पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, हिशेब मांडला तेव्हा या रोगाने दगावलेले अवघे ४५ निघाले: नजरेखालचे १७, शस्त्रक्रियेचे १२, किरणोपचारांचे १६.