आवाजाचा डबा घेताना काय पाहाल?



गटाच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी घरी आपणच ध्वनिमुद्रण करायचं आणि ते सामुदायिक रेडिओला द्यायचं, ही इच्छा पुष्कळ गटांच्या बैठकीत बोलून दाखवली जाते. बायकांना हे जमेल का, असं आता कुणी विचारू नये. तेलंगणात झहीराबादजवळ गावातल्या दलित महिला २००८ पासून संगम रेडिओ स्वतः चालवतात. आपल्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग आहे. प्रश्न आहे तो पैशाचा. आपला पैसा म्हणजे दर महिन्याला पोटाला चिमटा काढून टाकलेली बचत. तो एकदाच खर्च होणार, म्हणून आज एकाच वस्तूबद्दल नीट बोलू. तिचं नाव ऑडिओ इंटरफेस. आपण तिला आवाजाचा डबा म्हणू.

हा डबा करतो काय? माईकमधून अगदी क्षीण वीज येते. डबा ती आधी वाढवतो आणि मग तिचे आकडे करतो. डेअरीत दुधाचं माप घेतलं की चिठ्ठीवर आकडा येतो ना, तसंच. फक्त हा डबा एका सेकंदात ४८,००० वेळा माप घेतो. ते आकडे यूएसबी वायरने लॅपटॉपमध्ये जातात, आणि तोच आवाज आपल्याला हेडफोनमध्ये ऐकू येतो.

पहिला प्रश्न दुकानदाराला नाही, स्वतःला विचारा. एका वेळी किती जणींचा आवाज घ्यायचा आहे? एकटीच बोलणार असेल, पाककृती सांगणार असेल किंवा योजनेची माहिती देणार असेल, तर डब्याची गरजच नाही. यूएसबीचा एक माईक थेट लॅपटॉपला लावला की काम होतं. सुरुवातीला तर मोबाईलवर करून बघा.

पण जात्यावरच्या ओव्या घ्यायच्या असतील तर गोष्ट वेगळी. जात्यावर बहुधा दोघी समोरासमोर बसतात. एक ओवी उचलते, दुसरी तिला साथ देते. म्हणजे माईक दोन हवेत. मुलाखतीतही विचारणारी एक आणि सांगणारी एक. म्हणून बहुतेक गटांना दोन माईकचा डबा पुरतो. चार किंवा आठ माईकचा डबा भजनी मंडळासाठी कामाचा. तो वर्षातून दोनदाच लागणार असेल तर त्यात पैसे अडकवू नका.

इथे एक गोष्ट डोळसपणे बघा. काही डब्यांना दोन भोकं असतात, पण माईक एकातच लागतो. दुसरं भोक गिटारसारख्या वाद्यासाठी असतं. फोकसराइट कंपनीचा स्कारलेट सोलो असाच आहे. त्यांचाच टू-आय-टू घेतला तर दोन माईक लागतात. म्हणून दोन्हींना तीन पिनांची माईकची वायर बसते का, ते दुकानात स्वतः लावून बघा. मिक्सरचंही तसंच. स्वस्त मिक्सरला चार माईक लागतात, पण लॅपटॉपमध्ये बहुतेकदा सगळ्यांचा आवाज एकत्र मिसळूनच जातो. मग एकीला ठसका लागला तर तेवढा तिचा आवाज कमी करता येत नाही. टाळ्या आणि हशाची रंगीत बटणं असलेले डबे तर आपल्या कामाचे नाहीतच.

आता आकड्यांबद्दल. दुकानात १९२ असा आकडा मोठ्या कौतुकाने दाखवतात. म्हणजे सेकंदाला १,९२,००० मापं. माणसाच्या कानाला ४८,००० पुरतात, त्यामुळे त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. '२४ बिट' मात्र असावं. त्याचा फायदा असा, की म्हातारीचा आवाज हळू रेकॉर्ड झाला तरी नंतर वाढवताना खरखर कमी येते. या मापाने एका माईकचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण ५२० एमबी होतं. दोन माईकचं एक जीबीच्या थोडं वर. तेवढी जागा लॅपटॉपमध्ये ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डबा आवाज किती स्वच्छ वाढवतो. जातं ओढताना अंग पुढे-मागे होतं, म्हणून माईक तोंडाशी धरता येत नाही. तो हातभर लांब ठेवावा लागतो. मग डब्याचं बटण जास्त फिरवावं लागतं, आणि हलका डबा असेल तर तिथेच 'स्स्स' असा आवाज सुरू होतो. याची परीक्षा सोपी आहे. गटातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या बाईला दुकानात घेऊन जा. माईक हातभर लांब ठेवा, बटण पाऊण फिरवा आणि हेडफोन लावून ऐका. तिच्या शब्दांपेक्षा सुस्कारा मोठा वाटला तर तो डबा नको. घरी रेकॉर्ड करताना लाल दिवा लागू देऊ नका. आवाज एकदा फाटला की शिवता येत नाही.

डब्यावर '४८ व्होल्ट' असं एक बटण असतं. ते कंडेन्सर माईकसाठी. तो माईक फार नाजूक ऐकतो, म्हणजे शेजारची गिरणी आणि पत्र्यावरची कावळ्याची पावलंही ऐकतो. आपल्या घरांसाठी साधा डायनॅमिक माईक बरा. त्याला हे बटण लागत नाही.

विजेचं म्हणाल, तर यूएसबीवरच चालणारा डबा घ्या. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम सुरू राहतं. खरं तर लाईट असतानाही रेकॉर्डिंग करताना चार्जर काढून ठेवा. घरात अर्थिंग नीट नसेल तर त्यातून 'हूं' असा आवाज येतो. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

सगळे पैसे डब्यावर घालवू नका. दोन माईक, दोन स्टँड, वायरी आणि कान झाकणारा हेडफोन यांचा हिशेब आधीच धरा. खोलीला मात्र खर्च नाही. भिंतींवर गोधड्या टांगा, पंखा आणि फ्रिज बंद करा, स्टँडखाली गोधडीची घडी ठेवा म्हणजे जात्याची थरथर माईकपर्यंत जात नाही.

खरेदीआधी बैठकीत ठराव लिहा. तीन दुकानांची कोटेशन घ्या. बिल गटाच्या नावाने, वॉरंटी लेखी. डबा कुणाकडे राहील आणि कुणी कधी नेला, याची वेगळी वही ठेवा. दोघींना तरी तो चालवता आला पाहिजे. एकीच्याच हातात कला राहिली तर ती माहेरी गेली की काम थांबतं. आणि जिचा आवाज घेऊ तिची परवानगी घ्या. तिचं नाव आणि गाव रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तिच्याच तोंडून घ्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक ओव्या आज गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकता येतात, कारण कुणीतरी वेळेवर माईक धरला. आपल्या गावातही पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या सत्तरी-ऐंशीच्या बायांच्या ओठांवर राहिल्या. डबा पुढच्या वर्षीही दुकानात मिळेल. म्हणून पैसे जमेपर्यंत थांबू नका. आज मोबाईलवर घ्या, डबा आला की पुन्हा नीट घ्या. येत्या बैठकीत एवढंच करा: गावात ओव्या येणाऱ्या बायांची नावं लिहून काढा, आणि सगळ्यात थकलेल्या आजीकडे आधी जा.